समुद्रातल्या तेलविहिरींना किनाऱ्यानं होकार कशाच्या जोरावर द्यायचा?

सोलापूरला समुद्र नाही. तरी आमच्या घरात समुद्राकडून तीन गोष्टी येतात. मीठ, मंगळवार बाजारातलं सुकट-बोंबील आणि मोटरसायकलच्या टाकीतलं पेट्रोल. पहिल्या दोन कुठून आल्या हे आईला चाखून सांगता येतं. बोंबील जाड, पांढरा आणि खारट कमी असला की ती म्हणते, हा चांगल्या उन्हात वाळलाय. पेट्रोलचं मात्र आम्ही एवढंच म्हणतो, पाकणीच्या डेपोतून आलं. २०२४च्या जानेवारीत टँकरचालकांनी संप केला आणि एका दिवसात पंपावर रांगा लागल्या, तेव्हा पाकणीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण पाकणीला ते कुठून येतं, हे त्या रांगेत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मुंबईहून पुण्यामार्गे पाकणीपर्यंत जमिनीखालून नळ आलेला आहे, सुमारे ५०० किलोमीटरचा. त्याच्या मुंबईकडच्या टोकाला माहुलचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, आणि तिथं शिजणाऱ्या कच्च्या तेलात मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं तेलही असतं. म्हणजे डाळिंबाच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर फिरतो, त्यातलं थोडं डिझेल कोळ्यांच्या समुद्राखालून आलेलं असतं. हे आधी सांगतो, कारण पुढं जे लिहितोय ते तेल न वापरणाऱ्या माणसाचं मत नाही.

माझा एक मित्र रायगडमधल्या मुरूड तालुक्यातल्या एका कोळीवाड्याजवळच्या शाळेत शिक्षक आहे. गेल्या दिवाळीत त्यानं फोन केला. १५ ऑगस्ट २०२५ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या तेलशोधाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली, तेव्हापासून त्यांच्या मच्छीमार सोसायटीत वाद चालला होता. उद्या आपल्या किनाऱ्यासमोर विहिरी काढायच्या ठरल्या तर पाठिंबा द्यायचा की नाही? पोरं म्हणत होती द्यायचा, नोकऱ्या येतील. म्हातारे मान हलवत होते. मी म्हटलं, मला कशाला विचारतोस, मला भरती-ओहोटीची वेळही कळत नाही. तो म्हणाला, "तुमच्याकडं उजनी धरण झालं ना. पाठिंबा दिल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत असणार."

त्याला जे उत्तर दिलं ते इथं सविस्तर मांडतो. आज कायदे जसे आहेत तसे असताना किनाऱ्यावरच्या लोकांनी समुद्रातल्या नव्या तेलविहिरींना पाठिंबा देऊ नये. आणि आम्ही, नळाच्या या टोकाला बसलेल्यांनी, त्यांना देशासाठी होकार द्या असा आग्रह करू नये.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं हलकं नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. आखातात युद्धाची ठिणगी पडली की त्याची झळ आमच्या भाजीबाजारापर्यंत येते. मुंबई हायला १९७४ साली सागर सम्राट या जहाजावरून केलेल्या खोदाईत तेल लागलं आणि १९७६ला उत्पादन सुरू झालं. नुकताच तेलाच्या भावाचा तडाखा बसलेल्या देशाला त्यानं किती आधार दिला, हे त्या पिढीला विचारा. हे क्षेत्र मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत आहे. पन्नास वर्षं तिथं काम चाललंय आणि मुंबईचा समुद्र मेलेला नाही, हेही खरं.

आणखी एक मुद्दा मला सगळ्यांत अवघड वाटतो. आपण आपल्या समुद्रात तेल काढलं नाही, तर ते जहाजांनी येणारच, याच समुद्रावरून. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल खाडीत गेलं, मासेमारी थांबली, आणि जे मासे बाजारात होते तेही गिऱ्हाईक हातात घेईना. तिथं विहिरीचा संबंध नव्हता. मग विहिरीलाच का अडवायचं?

याचं उत्तर मला किनाऱ्यावर उभं राहिल्यावर थोडं सापडलं. पावसाळा नुकता सरत होता. मित्राबरोबर पुळणीवरून अनवाणी चालताना माझ्या टाचेला काहीतरी चिकट लागलं. लिंबाएवढा काळा गोळा, वरून वाळूत घोळलेला, आत मऊ. पावसाळ्यात वारं किनाऱ्याकडं वाहतं तेव्हा असे डांबराचे गोळे येतात. पाण्यानं निघेना, वाळूनं घासून निघेना. जाळं विणत बसलेल्या एका मावशींनी डिझेलमध्ये बुडवलेली चिंधी दिली. त्यांच्याकडं ती बाटली तयारच होती, हे माझ्या लक्षात राहिलं. जाळ्याच्या एका पट्ट्यावरही तेच काळं लागलेलं होतं. तेवढा भाग त्या कापून काढत होत्या. मी विचारलं, हे कुणाचं? त्या म्हणाल्या, "कुणाचं म्हणून सांगू? नाव थोडंच लिहून येतंय त्याच्यावर."

मुद्दा इथं आहे. तो गोळा जहाजाच्या टाकीतला होता की विहिरीवरचा की नळवाहिनीतला, हे सिद्ध करायचं ओझं त्या मावशींवर आहे. जाळं त्यांचं, कापलेला पट्टा त्यांचा, आणि पुरावाही त्यांनीच आणायचा. नवी विहीर आली की आणखी एक संशयित वाढतो, पण त्यांच्या हातात काही वाढत नाही. मुरूडकरांना हे नवीन नाही. मे १९९३मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी नळवाहिनी फुटली, हजारो टन तेल समुद्रात सांडलं आणि त्याचा तवंग मुरूडच्या बाजूला आला. विहीर दीडशे किलोमीटर आत असली तरी नळाला किनाऱ्यावर यावंच लागतं.

आता कायद्याकडं येतो, कारण माझं मत मुख्यतः त्यावर उभं आहे. संविधानाच्या २९७व्या अनुच्छेदानुसार समुद्राखालची तेल-वायूसारखी संपत्ती केंद्राची आहे. जमिनीवर तेलविहीर निघाली तर तिचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, राज्याला मिळतं, म्हणून आसाम आणि गुजरातच्या तिजोरीत ते जातं. समुद्रातल्या विहिरीचं स्वामित्वधन केंद्राकडं जातं. महाराष्ट्राच्या वाट्याला नाही, रायगड जिल्ह्याच्या तर नाहीच नाही. बरं, चंद्रपूरला कोळसा निघतो तिथं खाण कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यांनी ठरावीक पैसे त्यात भरायचे आणि ते खाणीच्या आसपासच्या गावांवर खर्च व्हायचे. तो पैसा कसा खर्च होतो यावर तक्रारी पुष्कळ आहेत, पण निदान मागायला खिडकी आहे. खनिज तेल त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. म्हणजे कोळशाच्या शेजाऱ्याला जो हक्क आहे तो तेलाच्या शेजाऱ्याला नाही. किनाऱ्याच्या गावांना जे काही मिळेल ते कंपनीच्या सामाजिक निधीतून, कंपनीच्या मर्जीनं. शाळेला दोन खोल्या, एखादी रुग्णवाहिका, फलक. हक्काचा पैसा आणि मर्जीचा पैसा यातला फरक ज्यानं कधी कचेरीच्या पायऱ्या चढल्या आहेत त्याला वेगळा सांगावा लागत नाही.

मग निदान विचारतात तरी का? जानेवारी २०२०मध्ये केंद्रानं पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत बदल केला आणि तेल-वायूचं शोधकाम ज्या गटाला जनसुनावणी लागत नाही त्या गटात टाकलं. उत्पादनाची पाळी येते तेव्हा वरच्या गटातली मंजुरी लागते. पण तोवर सर्वेक्षण झालेलं असतं, कोट्यवधी रुपये ओतलेले असतात, आणि तेल सापडलंय म्हटल्यावर नाही म्हणणारा देशाचा वैरी ठरतो. पूर्वी संरक्षण आणि अवकाश संशोधनाच्या कारणांनी तेलशोधाला बंद असलेलं सुमारे १० लाख चौरस किलोमीटर समुद्रक्षेत्र गेल्या काही वर्षांत खुलं झालं आहे. त्यातल्या कुठल्या पाण्यात कोण मासे धरतं, हे ठरवताना कोळ्यांना विचारलं गेलं असं मला कुठं दिसलं नाही.

बाहेरून बघणाऱ्याला समुद्र मोकळा वाटतो. मलाही वाटायचा. मित्राच्या शेजाऱ्यांनी मला डोल जाळ्याची जागा दाखवली, म्हणजे बोट दाखवलं, दिसत काहीच नव्हतं. पाण्यात खोल खुंट ठोकलेले असतात, भरतीच्या ओढीत जाळं पिशवीसारखं फुगतं आणि बोंबील, जवळा, मांदेली आपणहून आत येते. कुणाचा खुंट कुठं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सातबारा नाही, पण बांध आहे. आमच्याकडं बांध कोरला तर खून पडतात, तसाच तो बांध. सर्वेक्षणाचं जहाज येतं ते मागं किलोमीटरच्या किलोमीटर केबल ओढत आणि हवेच्या दाबाचे बार काढत. त्या पट्ट्यातून होड्या हटवाव्या लागतात. तेल काढायचा फलाट, म्हणजे समुद्रात खांबांवर उभारलेला तळ, उभा राहिला की त्याच्याभोवती ५०० मीटरची हद्द मच्छीमाराला बंद. एका फलाटाचं काही नाही, पण फलाट एकटा येत नाही. पावसाळ्यात १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद असतेच. उरलेल्या महिन्यांतले पंधरा दिवस गेले तर काय होतं, हे ज्याचा पेरणीचा वाफसा हुकला आहे त्याला कळेल.

नुकसान झाल्यावर भरपाई मिळते, असं पोरं म्हणत होती. म्हणून मी मित्राला तिमोर समुद्राची गोष्ट सांगितली. २१ ऑगस्ट २००९ला ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली मोंटारा नावाची विहीर फुटली. ७४ दिवस तेल वाहत होतं. विहिरीपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर इंडोनेशियाची रोटे आणि तिमोर ही बेटं आहेत. तिथली गरीब माणसं उथळ पाण्यात दोऱ्यांवर समुद्रशेवाळ वाढवतात, तीच त्यांची शेती. ती शेती पांढरी पडून गळून गेली. कंपनी म्हणाली, आमचं तेल तुमच्या किनाऱ्यापर्यंत आलंच नाही. पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या वतीनं ऑस्ट्रेलियात दावा लागला. २०२१ला न्यायालयानं म्हटलं, तेल आलं होतं. २०२२ला १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. शेवाळ मेलं त्यानंतर तेरा वर्षांनी. ज्याचं पोर तेव्हा पहिलीत होतं त्याचं शिक्षण तोवर संपलं असेल, किंवा सुटलं असेल.

तेलवाहू जहाज फुटलं तर भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, निधी आहे, भारत त्यात आहे. समुद्रातल्या विहिरीसाठी असा जागतिक निधी नाही. जहाजं येतात मग विहिरींनाच का अडवता, या प्रश्नाचं माझं उरलेलं उत्तर हे आहे.

नोकऱ्यांबद्दल मी पोरांशी भांडणार नाही. सोलापूरच्या पोरांनी पुण्याची वाट धरली तेव्हा कुणाच्या तोंडानं त्यांना अडवायचं? पण नोकरी कसली ते नीट विचारून घ्यावं. खोदकामाचं कसब असलेली माणसं देशभरातून येतात, पाळीवर जातात, पाळी संपली की विमानानं घरी. गावच्या वाट्याला बहुतेक कंत्राटी कामं येतात, आणि त्या कामात जिवाचा भरवसा किती, हे दोनदा दिसलं. २७ जुलै २००५ला, मुंबई पाण्यात बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हायच्या उत्तर फलाटावर आग लागली. बोटं कापलेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी आणणारं जहाज उसळत्या समुद्रात फलाटाच्या वायुनळीवर आदळलं, आणि दोन तासांत अख्खा फलाट गेला. २२ माणसं गेली. मे २०२१च्या तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला. वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता. सत्तरहून अधिक कामगार गेले, त्यातले बरेच कंत्राटदारांकडचे. ही माणसंसुद्धा नोकरी मिळाली म्हणून खूश होऊन गेली असतील.

शिवाय विहीर आटते. आटल्यावर काय, हे गिरण्यांच्या सोलापूरला विचारावं. भोंग्यावर उठणारं-झोपणारं शहर होतं हे. गिरण्या मिटल्या, देणी कचेऱ्यांतून फिरत राहिली, कामगारांच्या बायकांनी विड्या वळून घरं चालवली. गिरणी निदान जमिनीवर असते, ती जागा डोळ्यांसमोर राहते. समुद्रातला गंजलेला फलाट कोण, कधी, कुणाच्या पैशानं काढणार, याची लेखी हमी किनाऱ्याच्या गावांनी पहिल्या दिवशी मागावी. शेवटच्या दिवशी मागायला समोर कुणी राहत नाही.

मित्रानं उजनीचं नाव काढलं होतं, ते टाळून चालणार नाही. माझ्या आजोबांचं गाव करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी होतं. १९६९ला धरणाचं काम सुरू झालं, १९८०ला पुरं झालं, आणि गाव पाण्याखाली गेलं. आजोबा विरोधात नव्हते. गावच्या बैठकीत ते उठून बोलले होते की आपल्या चार एकरांनी जिल्ह्याची तहान भागणार असेल तर द्यावी जमीन. तहान भागलीही. माढा, पंढरपूर, मोहोळचा ऊस त्या पाण्यावर उभा राहिला, साखर कारखाने आले, आणि आज मी सोलापुरात राहतो त्या घराच्या नळाला चार-पाच दिवसांनी का होईना, उजनीचंच पाणी येतं. मी ते पितो. म्हणून दुसऱ्यासाठी कुणी काहीच सोडू नये, असं मला म्हणताच येत नाही. धरण नको होतं असंही मी म्हणत नाही.

पण पाठिंबा देताना आजोबांच्या हातात काय होतं? विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली झाला. तोवर धरण अर्ध्याहून जास्त उभं राहिलं होतं. पर्यायी जमीन मिळाली ती मुरमाड आणि लांब. रस्ता, शाळा, पाणी यांसाठी आजोबा आणि नंतर वडील वीसेक वर्षं एका कचेरीत हेलपाटे मारत राहिले. पाण्यानं दोन काठ तोडले. करमाळ्याकडून इंदापूरकडं जायला रस्त्यानं फार मोठा वळसा, म्हणून माणसं होडीनं जातात. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. धरण पुरं होऊन ४४ वर्षं झाली होती, आणि त्या काठावरची माणसं अजून होडीच्या भरवशावर होती.

एक गोष्ट आमच्या लोकांना तरी करता आली. शेतं गेली तेव्हा काहींनी त्याच पाण्यात जाळी टाकली. आज उजनीची चिलापी, कटला भिगवणच्या बाजारात लिलावाला येते, त्यात धरणग्रस्तांच्या पोरांनी धरलेलीही असते. जमीन गेलेल्याला पाणी मिळालं. पाणीच गेलेल्या कोळ्यानं कुठं जाळं टाकायचं?

म्हणून मित्राला मी सांगितलं ते असं. डोल पडतात ते उथळ पाणी आणि मासळीच्या विणीच्या जागा यांत विहिरीला कधीच हो म्हणू नका, कुठल्याही भावाला नाही. तेलावर श्रीमंत झालेल्या नॉर्वेनं लोफोटेनच्या समुद्रात, जिथं कॉड मासा विणीला येतो, आजवर तेलाचं उत्पादन सुरू केलेलं नाही. तिथं मच्छीमार अडून बसले आणि राजकीय पक्षांना त्यांचं ऐकावं लागलं. खोल समुद्राचं बोलणं होऊ शकतं, पण आधी शोधकामालाच जनसुनावणी, स्वामित्वधनातला किनारी जिल्ह्यांचा कायद्यानं ठरलेला वाटा, आणि दोष कुणाचा हे सिद्ध न करता मच्छीमाराला महिन्याभरात पैसे देणारा निधी, जो कंपनीनं विहीर काढण्याआधी भरलेला असेल. हे तीन कायदे झाले की सोसायटीत पुन्हा मतदान घ्या. ते होण्याआधी दिलेला पाठिंबा परत घेता येत नाही. आणि हे तीन कायदे फक्त कोळ्यांनी मागून होणार नाहीत. किनाऱ्याचे खासदार मोजके आहेत. पेट्रोल जाळणारे आम्ही सगळीकडं आहोत, तेव्हा ही मागणी सोलापूरच्या, लातूरच्या, अकोल्याच्या खासदारांनी संसदेत मांडायला हवी. लिटरमागं दोन पैसे जास्त पडले तरी मला ते द्यायचे आहेत.

मित्र म्हणाला, हे सगळं पोरांना तोंडी सांगून पटणार नाही, काही कागद आहे का तुझ्याकडं. तेव्हा आईनं पत्र्याच्या पेटीतून आजोबांची पिशवी काढून दिली. त्यात जमीन संपादनाची एक नोटीस आहे, घडीवर विरलेली, कोपऱ्यात आजोबांची वळणदार मोडीतली सही. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय की नवीन गावठाणात रस्ता, पाणी, शाळा आदी नागरी सुविधा यथावकाश पुरविण्यात येतील. मी त्याची झेरॉक्स काढून मुरूडला टपालानं पाठवली आहे. पाठवण्याआधी 'यथावकाश' या शब्दाखाली लाल पेनानं दोनदा रेघ ओढली.